भातबंद आबा

आबा कुणाच्याही घरी आले की आधी चपला काढायचे आणि मग टोपावरचं झाकण. "काय शिजलंय?" असं विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हती. सरळ ओट्यापाशी जायचे, झाकण उचलायचे, आत डोकवायचे. आत भात दिसला की झाकण असं आपटायचे, की शेजारच्या खोलीत कळावं, आज सुमनकडे भात आहे. मी लग्न होऊन लालबागच्या त्या चाळीत आले तेव्हा मला त्याचा भयंकर राग यायचा. बाईमाणसाच्या ओट्याशी येणारा हा कोण टिकोजीराव? सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, ते आबा. त्यांना कोण काय बोलणार?" झालं. विषय संपला.

तोंडावर सगळे त्यांना आबा म्हणायचे, पाठीमागे भातबंद. माणूस मालवणकडचा आणि भात सोडलेला. कोकणातल्या माणसाला मी याहून जास्त काय सांगू? आमच्याकडे जेवलात का म्हणजे भात खाल्लात का. बाकी सगळं तोंडी लावायला. पोळ्यांनी पोट भरलं तरी शेवटी चमचाभर भात पानात पडल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. आणि हा माणूस पापलेटाची आमटी वाटीत घेऊन नुसती प्यायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्याची गोष्ट त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. गिरणीसंपाच्या आदल्या वर्षी त्यांना शुगर निघाली. तेव्हा ते गिरणीत जॉबर होते, हाताखाली बरीच माणसं, दुपारच्या डब्यात भाताचा डोंगर. मग संप झाला. घरात तांदूळ येईल तो चार पोरांच्या ताटात जायचा. आबांनी आणि काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भात सोडला तो काही पथ्य म्हणून नव्हे, नव्हताच म्हणून. बाजारातली एक कोळीण ओळखीची होती. पाटी रिकामी करताना उरलेली मांदेली, बोंबील, काट्यांचं काहीबाही ती यांना देऊन टाकायची. भाजीवाला सुकत आलेली मेथी नाहीतर मुळ्याचा पाला द्यायचा. ते खायचं आणि चालायचं. बसला पैसे नाहीत म्हणून मोर्चाला चालत, सभेला चालत, लालबागहून गिरगावात कुणाकडे हात पसरायचा तरी चालत. वर्षभराने दवाखान्यात रक्त तपासलं तर शुगर उतरलेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावली म्हणे. "संपाने गिरणी खाल्ली गो," आबा सांगायचे, "पण माझी साखरही खाल्ली." आणि मांडीवर थाप मारून हसायचे.

आता मला वाटतं, त्या सगळ्या धूळधाणीतून त्यांच्या हाती तेवढं एकच लागलं होतं. नोकरी गेली, मोठ्या मुलाचं शिक्षण सुटलं, काकींच्या बांगड्या गेल्या. एवढ्या मोठ्या लढाईत जिंकलेली गोष्ट कुठली, तर शुगर. तिला ते जिवापाड जपायचे.

चाळीत हळूहळू घरोघरी शुगर निघायला लागली. गिरणीत घाम गाळणारी माणसं घरी बसली, नाहीतर कुठेतरी खुर्चीवर बसून पहारे द्यायला लागली, आणि खाणं मात्र तेच राहिलं, डोंगरच्या डोंगर भात. आमच्या ह्यांनाही निघाली. हे त्याच गिरणीत आबांच्या हाताखाली होते. संपानंतर चार ठिकाणी धक्के खाऊन एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. तिथे भरतीच्या वेळी तपासणी झाली, त्यात कळलं. घरी येऊन हे भिंतीला टेकून बसले, चहासुद्धा घेईनात. संध्याकाळी आबा आले. झाकण उचललं, आपटलं आणि म्हणाले, "दत्ता, उद्यापासून पहिल्या पाळीला यायचं."

पहिली पाळी म्हणजे काय ते सांगते. पहाटे साडेपाचला आबा चाळीच्या अंगणात उभे राहून वर बघून ओरडायचे, "पाळी सुरू!" गिरणीचा भोंगा गेला होता, पण आबांचा आवाज होता. बारा-तेरा शुगरवाले डोळे चोळत खाली यायचे. आबा हजेरी घ्यायचे, तोंडपाठ, प्रत्येकाच्या नावाने. मग सगळी वरात लालबागहून निघून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, तिथे दोन फेऱ्या, आणि परत. मधे कुणी बोलायला थांबलं की मागून जॉबरचा आवाज यायचा, "मेल्यांनो, साचा बंद पडला काय?" साचा म्हणजे गिरणीतला माग. जो आला नाही त्याचा खाडा. आणि खाडा झाला की संध्याकाळी आबा घरी. त्यापेक्षा चाललेलं परवडलं.

दोन वर्षांनी मलाही निघाली. मी ठाकूरद्वारच्या एका दुकानाचं साड्यांना फॉल-बिडिंगचं काम घरी आणायचे, दिवसभर बैठक, अंगावर मांस चढलंच होतं. पहिल्या दिवशी मी खाली उतरले ती धुसफुसतच. पुरुषांच्या वरातीत मी आणि कदमवहिनी, दोघीच बाया. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सुमन, तोंड घरी ठेवून ये. चालायला पाय लागतात." मी पण कमी नव्हते. म्हटलं, "आबा, तोंडच ठेवायचं तर तुम्ही आधी ठेवा." सगळी पाळी हसली. आबाही हसले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

खाण्याचे त्यांचे नियम सोपे होते, पाळायला महाकठीण. भात बंद. चपाती बंद. भाकरी चतकोर, तीही दुपारी, रात्री नाही. चहात साखर नाही. बटाटा म्हणजे शत्रू. मासे हवे तेवढे खा, पण रवा लावून तळायचे नाहीत. अंडी खा, मोडाची मटकी खा, पालेभाजी ताटभर खा, कोबी, दुधी, ताक. मधेच भूक लागली तर मूठभर शेंगदाणे, आणि मूठ माझी मोजायची, ह्यांची नाही, कारण ह्यांचा पंजा केवढा! मी विचारलं, "आबा, माशाच्या कालवणाशी खायचं काय?" तर म्हणाले, "मासा. कालवणाशी मासा खायचा. आजवर भाताशी मासा खाल्लास, आता माशाशी मासा खा." गणपतीत तर कहर. ताटात मोदक आला की ते तो कपाळाला लावायचे आणि समोरच्या पोराच्या हातात द्यायचे. "बाहेर तांदूळ, आत गूळ," म्हणायचे, "ह्या बाप्पाने माझ्यासाठी काही ठेवलंच नाही."

आणि खरं सांगायचं तर उतरली. कुणाचं देणं ठेवत नाही मी. माझी शुगर तेव्हा थोडीच वर होती, ती चार-पाच महिन्यांत खाली आली आणि खालीच राहिली. वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, तीन जिने चढून धाप लागेना. ह्यांचीही गोळ्यांच्या जोडीने खूप उतरली. चेहऱ्यावर तजेला आला. संप फसल्यापासून ह्यांची मान खाली गेली होती, ती वर आली म्हणा ना. गेटवर उभं राहून कुणा पोरसवदा साहेबाला सलाम ठोकणारा माणूस पहाटे आबांच्या शेजारून असा चालायचा, जणू पुन्हा साच्यावर निघालाय. मी खिडकीतून बघायचे. मला बरं वाटायचं. त्यासाठी मी आबांचे पाय धुऊन पाणी प्यायले असते.

पण आबांचं एक होतं. त्यांना गोळी खपायची नाही. "साखर म्हणजे मालक," ते म्हणायचे. "आणि गोळी म्हणजे त्याच्यापुढे वाकणं. एकदा वाकलास की कायमचा वाकलास." आपण स्वतः संपापासून आजतागायत एक गोळी घेतली नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगायचे. नवीन कुणी पाळीत आला की पहिल्या दिवशी हे ऐकायचाच. बाकीचे मान डोलवायचे. गोळी घेणारे लपवून घ्यायचे, आणि घेतो म्हणून शरमायचे. ह्यांनी तर एक दिवस गोळ्यांची पाकिटं आबांच्या हातात नेऊन दिली. आबांनी सगळ्या पाळीसमोर ह्यांना मिठी मारली. "असा माणूस पाहिजे!" ह्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी. हे म्हणाले, "आबांना विचारलंय." रक्त तपासायचंही हळूहळू बंद झालं, कारण आबांचं म्हणणं, रिपोर्ट कसले काढता, पाय सांगतात. पाय चालतायत ना? मग शुगर ठीक. मी तेव्हा गप्प बसले. माझी गोळीविना ठीक होती, मग ह्यांची का नसेल, असं वाटलं. अडाणीपणा, दुसरं काय.

आबा वाकणं म्हणजे काय समजायचे, त्याची एकच गोष्ट सांगते. संपात तळमजल्यावरचे शिरोडकर पोराच्या आजारपणासाठी चोरून कामावर गेले होते. मालकाच्या टेम्पोतून मागच्या गेटने आत. आबांनी त्यांना गेटवर उतरताना बघितलं. त्यानंतर आबा शिरोडकरांशी कधी बोलले नाहीत. एक चाळ, एक नळ, एक जिना, वीस वर्षं! शिरोडकरांच्या मुलीच्या लग्नाचा मांडव अंगणात पडला, तर आबा त्या दिवशी दार लावून बसले. शिरोडकर वारले तेव्हा खांदा द्यायलाही गेले नाहीत. काकी एकट्या जाऊन आल्या. आम्ही सगळे म्हणायचो, माणूस कडक आहे, पण खरा आहे. खरा!

ह्यांच्या पायाचं झालं ते कंपनीच्या बुटाने. नवीन बूट मिळाले, एक नंबर लहान. अंगठ्याला फोड आला. मोठा फोड, पण ह्यांना दुखेना. दुसऱ्या कुणाला एवढा फोड आला तर तो लंगडेल, आणि हे बिनधास्त राणीच्या बागेत दोन फेऱ्या मारून आले. पाय सांगतात म्हणे! शुगरने बधिर झालेल्या त्या पायांनी सांगायचं कधीच सोडलं होतं, आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. आबांनी फोड बघितला. "चालत राहा. रक्त फिरलं की भरेल," म्हणाले. हे चालत राहिले. पंधरा दिवसांत अंगठा काळा पडला आणि घरात वास यायला लागला.

त्या गुरुवारी मी साड्या द्यायला ठाकूरद्वारला गेले तेव्हा दुकानातल्या बाईंपुढे रडले. त्या म्हणाल्या, "फणसवाडीत आमचे डॉक्टर आहेत, शुगरचं आणि पायाचं उत्तम बघतात. आत्ताच जाऊन वेळ घे." मी तशीच गेले. अरुंद जिना, वर छोटासा दवाखाना, बाकावर चार-पाच माणसं. आतल्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला. नर्सबाईंचा आवाज आला, "आजोबा, कितीदा सांगायचं? इन्सुलिनची सुई रोज पोटात एकाच जागी टोचू नका, जागा बदला. बघा, गाठ झालीय. आठ वर्षं घेताय, अजून समजत नाही?" आणि शर्टाची बटणं लावत पडद्यातून आबा बाहेर आले.

मला पहिल्यांदा वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे. खरंच. लालबागचा माणूस फणसवाडीत कशाला येईल? मग आठवलं, दर महिन्याला आबा इथेच गिरगावात बहिणीकडे जातात. बहीण! त्यांच्या हातात पिशवी होती, पिशवीत औषधाचं खोकं. त्यांनी मला बघितलं. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला घाबरलेला कधी बघितला नव्हता, पोलिसांच्या लाठ्यांची गोष्ट सांगतानासुद्धा. माझ्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "आठ वर्षं?" बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली.

खाली गल्लीत ते माझ्यामागे आले. मी चालत सुटले होते. "सुमन, थांब गो. ऐक तरी." मी थांबले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. लोक बघत होते, बघू देत. म्हटलं, "तुम्ही शिरोडकरांना वीस वर्षं वाळीत टाकलंत. ते एकदा मागच्या गेटने गेले, पोरासाठी. तुम्ही आठ वर्षं जाताय, रोज! आणि ह्यांच्या हातातनं गोळ्या काढून घेतल्यात? त्यांचा पाय सडतोय, आबा, सडतोय!" ते एका दुकानाच्या फळीवर बसले. म्हणाले, "माझी खरंच उतरली होती गो. दहा-बारा वर्षं उतरलेली होती. मग चढायला लागली. भात नव्हता, साखर नव्हती, चालणं चालू, तरी चढली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता सुई घ्यावीच लागेल. मी कुणाला काय सांगणार होतो?" मी म्हटलं, "हेच सांगायचं होतं." त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "दत्ताला तू सांगू नकोस. मी सांगतो. माझ्या तोंडाने सांगतो."

आणि मी, जिच्या तोंडाला सगळी चाळ टरकून असते ती मी, हो म्हटलं. का म्हटलं असेल? त्या म्हाताऱ्याचे जोडलेले हात बघवेनात. आणि वाटलं, ज्याने गाठ मारली त्यानेच सोडवावी. शिवाय त्या दिवशी भांडायला वेळ नव्हता. संध्याकाळीच ह्यांना टॅक्सीत घालून फणसवाडीला नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला, शुगर तपासली आणि तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. जेवण-चालणं ऐकून ते म्हणाले, "हे उत्तमच आहे, पुढेही ठेवा. पण गोळ्या कुणाला विचारून सोडल्या? निदान मोजत तरी राहायचं होतं." मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी खाली. आबांचं नाव ह्यांनी घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात उजव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचा पंजा गेला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू झालं.

आता पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते. हे घरी आल्यावर दर रविवारी सकाळी आबा भेटायला यायचे. झाकण उचलायचे नाहीत आता. मुकाट खुर्चीवर बसायचे. आणि दर रविवारी हे त्यांची माफी मागायचे. हो, हे! "आबा, मी वाकलो. सुई घ्यावी लागतेय. तुमचं नाव खाली केलं." पायाला बँडेज, मांडीवर उशी, आणि हे त्या माणसापुढे मान खाली घालून बसलेले. मला वाटायचं, आता आबा बोलतील. आता तरी बोलतील. ते ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "होतं असं एखाद्याचं. मनाला लावून घेऊ नकोस." क्षमा करायचे! हे त्यांचा हात दोन्ही हातांत धरायचे. मी आत स्टोव्हपाशी उभी. चहा उतू जायचा.

एकदा जिन्यात मी त्यांना अडवलं. म्हटलं, "कधी सांगणार? हे स्वतःला दोषी समजतायत. रात्री झोपेत तुमची माफी मागतात." आबा कठड्याला धरून उभे राहिले. "गणपती होऊ दे," म्हणाले. मी म्हटलं, गणपतीचा काय संबंध? तेव्हा ते म्हणाले, "सुमन, आमचा संप मिटला असं कुणी सांगितलं काय गो आम्हाला? कुणीच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, हरलोय. पुढाऱ्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक. एक एक करून माणसं निघून गेली, पण 'संपला' हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. आधी कोण म्हणणार? जो म्हणेल तो फितूर. मी दर रविवारी तो शब्द घेऊन तुझ्या घरी येतो आणि तसाच परत नेतो." मला त्यांची कीव आली. आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. म्हटलं, "आबा, संपात तुमचं पोट गेलं. इथे माझ्या नवऱ्याचा पाय गेलाय." त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले.

गणपती झाले. दसरा झाला. दिवाळीच्या आधी आबा पहाटे पाळीवरून परत आले, पाणी मागितलं, आणि काकी तांब्या घेऊन येईपर्यंत गेले. हार्ट. सगळी चाळ हमसून हमसून रडली. मीही रडले. ज्याने आपल्याला वाचवलं आणि ज्याने आपल्याला बुडवलं, ते दोघे एकच निघाले तर बाईने कोणासाठी रडायचं? मी दोघांसाठी रडले. आणि खरं सांगते, मनात कुठेतरी म्हटलंसुद्धा, सुटले. आता हे कधीच बाहेर येणार नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी चाळीच्या अंगणात शोकसभा ठेवली. सतरंज्या घातल्या, आबांचा फोटो, हार, उदबत्ती. काकी पुढे भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाळीतले सगळे बोलले. शेवटी हे उठले. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच हे चार माणसांत उभे राहत होते, काठी टेकून, अर्ध्या बुटात कापूस भरून. म्हणाले, "आबांनी शेवटपर्यंत गोळीला हात लावला नाही. मी त्यांचा नालायक चेला. मी वाकलो, म्हणून माझा पाय गेला. ते वाकले नाहीत, म्हणून ते चालत चालत गेले." कुणीतरी हुंदका दिला. आणि लगेच माझ्या शेजारी बसलेल्या कदमवहिनी हात वर करून उठल्या. कदमवहिनींची शुगर म्हणजे आमच्यात सगळ्यांत वर, दिवसाला तीन गोळ्या. त्या म्हणाल्या, "आबांची आठवण म्हणून मी आजपासून गोळ्या बंद करते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून एक हात वर व्हायला लागला.

मी उठले. मला आठवत नाही मी कशी उठले. म्हटलं, "वहिनी, खाली बसा. गोळ्या सोडायच्या नाहीत. आबा आठ वर्षं इन्सुलिन घेत होते. रोज. मी फणसवाडीच्या दवाखान्यात माझ्या डोळ्यांनी बघितलंय." अर्धा वर आलेला तो हात खाली गेला. कुणीतरी ओरडलं, "मेलेल्या माणसावर कसले आळ घेतेस, लाज नाही वाटत?" मी काकींकडे बघितलं. त्या फोटोकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "खरं बोलतेय ती. सुई मीच भरून द्यायचे." कदमवहिनी मटकन खाली बसल्या. सभा तिथेच मोडली. एक एक करून माणसं उठली, आणि सतरंज्या तशाच राहिल्या.

कदमवहिनी आजही आहेत, गोळ्या घेतात. मीही आता एक गोळी घेते आणि राणीच्या बागेत जाते. भात अजून बंदच आहे. आबांनी शिकवलेलं खोटं नव्हतं, अर्धं सांगितलेलं होतं, आणि त्या अर्ध्याने आमचं घर बुडवलं. मी त्यांना माफ केलंय का, असं मला कुणी विचारू नये. दिवसाप्रमाणे उत्तर बदलतं.

पण त्या दिवशी घरी आल्यावरचं सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं, हे आबांवर चिडतील, फोटो फोडतील, रडतील, काहीतरी करतील. हे खुर्चीवर बसले, काठी भिंतीला लावली, आणि विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "तुम्हाला फणसवाडीला नेलं त्या दिवसापासून." ह्यांनी मनातल्या मनात महिने मोजले, ओठ हलताना मला दिसले. मी म्हणाले, "ते स्वतः सांगणार होते हो, मला शब्द दिला होता." हे माझ्याकडे बघत होते, जसं कुणी अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"मी दर रविवारी आबांची माफी मागत होतो," हे म्हणाले, "आणि तू आत उभी राहून चहा करत होतीस."